गर्भिणीस वर्ज्य औषधें : चिनी वैद्यकांतील एका यादीचा इतिहास

चीन देशाच्या प्राचीन औषधीग्रंथांत 'न्यूशी' नांवाची एक वनस्पति आढळते. या नांवाचा अर्थ 'बैलाचा गुडघा'. तिच्या देंठाचीं पेरें फुगीर असतात, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. गणेशचतुर्थीच्या पत्रींत जो आघाडा लागतो त्याची ही जवळची भावकी. वनस्पतिशास्त्रज्ञ दोहोंना एकाच वंशांत घालतात. शेन्नोंग या पौराणिक सम्राटाच्या नांवावर चालत आलेली, परंतु इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेली जी औषधीसंहिता आहे, तींत न्यूशीचे अनेक गुण वर्णिले आहेत. त्यांतच अवघ्या दोन अक्षरांत सांगितलें आहे कीं, या वनस्पतीनें गर्भ पडतो.

या संहितेंत ३६५ औषधें असून त्यांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. वरच्या वर्गांत १२०, मधल्यांत १२० आणि खालच्यांत १२५. वरच्या वर्गांतील औषधें निर्विष, आयुष्य वाढविणारीं, दीर्घकाळ घेण्यास योग्य. खालच्या वर्गांतील तीव्र आणि विषारी. न्यूशी कोठें आहे म्हणाल, तर वरच्या वर्गांत! म्हणजे जें द्रव्य सर्वसामान्य मनुष्यानें खुशाल वर्षानुवर्षें घ्यावें, तेंच गर्भवती स्त्रीच्या बाबतींत घातक, ही जाणीव चिनी वैद्यकांत अगदीं आरंभापासून आहे. पारा हाही गर्भ पाडतो असें त्याच ग्रंथांत म्हटलें आहे. पण पाऱ्याविषयीं तें वाचून कोणास नवल वाटणार नाहीं. खरें नवल न्यूशीचें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ग्रंथकारानें 'गर्भ पडतो' एवढेंच लिहिलें. 'म्हणून देऊं नये' असें लिहिलें नाहीं. तो गुण आहे कीं दोष, हें वाचणाऱ्याच्या गरजेवर सोडून दिलें. पुढें ताओ होंगजिंग (इ. स. ४५६–५३६) या विद्वानानें सुमारें ५०० सालीं या संहितेंत तितक्याच औषधांची भर घालून ती ७३० द्रव्यांची केली, आणि प्रस्तावनेंत रोगपरत्वें औषधांच्या याद्या दिल्या. त्यांत ओळीनें तीन मथळे येतात : गर्भ स्थिर करणें, गर्भ पाडणें आणि अडलेलें बाळंतपण. मधल्या मथळ्याखालीं चाळीसेक द्रव्यें आहेत. ही यादी निषेधाची नव्हे, उपयोगाची आहे. पोटांत गर्भ मृत झाला असेल, किंवा व्याधीनें खंगलेल्या मातेला तो भार सोसणार नसेल, तर वैद्यानें कोणत्या फडताळाकडे हात न्यावा याची ती खूण होती. सुन सिम्याओ हा सातव्या शतकांतील थोर वैद्य. त्यानें सुमारें ६५२ सालीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत उपचारांचा आरंभच स्त्रियांच्या प्रकरणापासून केला, त्यांत गर्भिणीनें महिन्यामहिन्यानें कसें वागावें, काय खावें याचे नियम दिले. आणि त्याच प्रकरणांत, आजारामुळें गर्भ काढून टाकणेंच प्राप्त झालें तर काय द्यावें, हेंही त्यानें संकोच न करतां सांगितलें.

महिन्यामहिन्याचे हे नियम सुनच्याही फार पूर्वींचे. १९७३ सालीं हुनान प्रांतांत मावांगदुइ येथील एक थडगें उकरण्यांत आलें. तें इसवी सनापूर्वीं १६८ सालचें. त्यांत रेशमावर लिहिलेलें गर्भधारणेविषयींचें एक हस्तलिखित मिळालें, आणि त्यांतही गर्भाच्या वाढीचा मासानुमास विचार आहे. चरकसंहितेंतील गर्भिणीची मासानुमासिक चर्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें साम्य मौजेचें वाटेल. मात्र केवळ साम्यावरून एकानें दुसऱ्याचें घेतलें असें म्हणण्याची घाई करूं नये. गर्भ दर महिन्याला वाढतो हें दोन्ही देशांतील सुइणींना कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

उपयोगाच्या यादीची निषेधाची यादी झाली ती सुंग राजवटींत. ही राजवट ९६० पासून १२७९ पर्यंत चालली. या काळांत छापील ग्रंथांचा प्रसार झाला, राजाश्रयाखालीं वैद्यकाचें शिक्षण चाललें आणि त्यांत प्रसूतिशास्त्राला स्वतंत्र शाखेचें स्थान मिळालें. ११८४ सालीं झू दुआनझांग नांवाच्या एका अधिकाऱ्यानें प्रसूतिविषयक ग्रंथ छापविला; त्यांत बाळंतपणापूर्वीं वर्ज्य असलेल्या औषधांचें एक पद्य आहे. १२३७ सालीं चेन झिमिंग यानें स्त्रीरोगांवरचा आपला प्रख्यात ग्रंथ रचला. त्यांतही तें पद्य थोड्या फरकानें आलें. चेन हा वैद्यांच्या घराण्यांतील, आणि आजच्या नानजिंग नगरींत वैद्यकाचा अध्यापकही होता. विद्यार्थ्यांच्या डोक्यांत एखादी गोष्ट कायमची कशी बसवावी, हें अशा माणसाला कळतच असणार.

पद्याच्या प्रत्येक चरणांत सात अक्षरें. चिनी भाषेंत एक अक्षर म्हणजे बहुधा एक शब्द. त्यामुळें एका चरणांत तीन-चार औषधें सहज मावतात, आणि साठसत्तर द्रव्यें थोडक्यांत आटोपतात. त्यांत कोण नाहीं? जळवा आहेत, गोमाशा आहेत, अंगावर फोड आणणारे भुंगे आहेत. बचनागाच्या जातीचीं मुळें, पारा, जमालगोटा, हरताळ, मनशीळ आहे. कस्तुरी आणि गोरोचन आहे. सापाची कात व खेंकड्याची नांगी आहे. न्यूशी अर्थात् आहेच. पण याच रांगेंत सुंठ आहे, दालचिनी आहे, पीच फळाच्या आंठोळींतील गर आहे, आणि ज्याच्या टणक दाण्यांच्या माळा करतात, त्या तृणाचे, चिनी घरोघर पेजेंत शिजणारे दाणेही आहेत. सोमल जातीच्या विषांच्या मांडीला मांडी लावून सुंठ बसली आहे!

असें कां झालें असावें? पाठांतराची रीत महाराष्ट्रांतील सुशिक्षितांना परकी नाहीं. ज्यांच्या वडिलांनीं अमरकोश घोकला आणि ज्यांनीं स्वतः पावकी-निमकी म्हटली, त्यांना पद्याचें सामर्थ्य सांगावयास नको. तसेंच त्याची उणीवही सांगावयास नको. पद्यांत नांव बसतें. कारण बसत नाहीं. किती मात्रा, कितवा महिना, मूळ कच्चें कीं शिजवून शुद्ध केलेलें, एकटें कीं दुसऱ्या औषधांच्या जोडीनें, हें सात अक्षरांत कसें मावावें? शिवाय कोणतें औषध कोणाशेजारीं बसावें हें त्याच्या तीव्रतेवर ठरलें नाहीं, यमकावर आणि अक्षरसंख्येवर ठरलें. औषधाच्या दुकानांत पुड्या बांधणाऱ्या उमेदवाराला मात्र या पद्याचा फार मोठा आधार होता. त्याला नाडी कळत नव्हती, ग्रंथ कळत नव्हते. पण चिठ्ठींत कस्तुरी दिसली कीं, घेणारी स्त्री गर्भवती तर नाहीं ना, एवढें विचारण्याचें भान त्याला त्या ओळींनीं दिलें. यामुळें किती जीव वांचले असतील याची मोजदाद होणें शक्य नाहीं. परंतु पद्याचा उपहास करण्यापूर्वीं ही जमेची बाजू मांडली पाहिजे.

कांहीं नांवें तर निव्वळ समजुतीनें आलेलीं दिसतात. खेंकडा आडवा चालतो, म्हणून तो खाल्ल्यास मूल आडवें येतें. सशाचें मांस खाल्ल्यास मुलाचा ओंठ सशासारखा दुभंगतो. असे आहारनिषेध जुन्या चिनी ग्रंथांत आहेत. खेंकड्याच्या नांगीला गर्भ फोडण्याची कीर्ति मिळाली तीही याच जातीच्या विचारसरणींतून मिळाली असावी. आपल्याकडील आजीबाईंच्या बटव्यांत अशा समजुती कमी नाहींत, तेव्हां चिनी लोकांना हंसण्याचें कारण नाहीं.

खरा पेंच निराळाच होता. चिनी वैद्य ज्याला आपला आद्य आचार्य मानतात, तो झांग झोंगजिंग दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला. त्याच्या ग्रंथाचा एक भाग शतकानुशतकें दृष्टीआड होता. तो सुंग काळांतच सांपडला आणि राजाज्ञेनें संशोधित होऊन १०६६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांत गर्भिणीच्या रोगांचें स्वतंत्र प्रकरण आहे. गर्भवतीची वांती कांहीं केल्या थांबत नसेल, तर तेथें तीन द्रव्यांची गोळी सांगितली आहे : सुंठ, जिनसेंग आणि बान्श्या. ही बान्श्या सुरण-अळूच्या कुळांतली. तिचा कच्चा कंद घशाला असा खाजतो कीं, शुद्धीवांचून कोणी तो तोंडांत घालीत नाहीं. आतां पद्य पाहावें तर सुंठ वर्ज्य आणि बान्श्याही वर्ज्य! आचार्य ज्या दोन औषधांनीं गर्भिणीला बरी करूं पाहतो, तींच दोन्ही औषधें पद्य तिच्यापासून दूर ठेवतें.

हें एकच उदाहरण नाहीं. ओटीपोटांत जुनी गांठ असलेली स्त्री गर्भवती राहून तिला रक्तस्राव होऊं लागला, तर झांगनें पांच द्रव्यांची मधांतली गोळी दिली आहे. त्या पांचांपैकीं दालचिनीची डहाळी, पीचचा गर आणि मूतान नांवाच्या फुलझाडाची साल हीं तिन्ही पद्यांत निषिद्ध आहेत. पण गोळीचें प्रमाण पाहिलें पाहिजे. सशाच्या लेंडीएवढी एक गोळी, रोज एक, जेवणापूर्वीं. गुण न आला तर तीनपर्यंत वाढवावी. सहाव्या-सातव्या महिन्यांत पोट दुखून थंडी भरत असेल, तर त्यानें बचनागाच्या जातीचा काढासुद्धां सांगितला आहे, आणि बचनाग तर पद्याच्या आरंभींच बसलेला.

या विसंगतीची तड लावण्यासाठीं टीकाकार 'पीत सम्राटाचें अंतरंगशास्त्र' या आदिग्रंथाकडे वळत. त्यांत सम्राटानें नेमका हाच प्रश्न विचारला आहे : गर्भवती स्त्रीला तीव्र औषध द्यावें लागलें तर? उत्तराचा आशय असा कीं, रोगाचें खरें कारण असेल तर माता आणि गर्भ दोघांनाही अपाय होत नाहीं. परंतु रोग निम्म्याहून अधिक ओसरला कीं हात आंखडावा, पुढें गेल्यास मृत्यु. म्हणजे औषध चांगलें कीं वाईट हा प्रश्नच नाहीं. रोग आहे का, केवढा आहे, आणि कोठें थांबावें, हा प्रश्न आहे. विचार म्हणून हें पद्यापेक्षां कितीतरी सूक्ष्म आहे. पण त्यांत एक धोका दडलेला आहे. रोगाचें निदानच चुकलें तर? 'कारण असेल तर अपाय नाहीं' या वचनाच्या छायेखालीं धाडसी वैद्य काय वाटेल तें करूं शकतो, आणि त्याची किंमत त्याला द्यावी लागत नाहीं; ती देते खाटेवरची बाई.

उलट बाजूही तितकीच कठीण होती. बान्श्या देऊन पुढें योगायोगानें गर्भपात झाला, तर लहान पोरालाही पाठ असलेलें पद्य वैद्याविरुद्ध साक्षीला उभें राहणार. न देतां ती स्त्री वांत्यांनीं झिजून गेली, तर पद्याला कोणी जाब विचारणार नाहीं. अशा स्थितींत बहुतेक वैद्यांनीं पद्याची बाजू घेतली असल्यास त्यांना भित्रे म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. ली शिझेन (१५१८–१५९३) याच्या १८९२ द्रव्यांच्या महाग्रंथांत गर्भिणीस वर्ज्य द्रव्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. हा ग्रंथ १५९६ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर, छापून निघाला. अशा यादींत नांव घालणें सोपें असतें. काढण्याची जबाबदारी कोण घेणार?

निषेधाबरोबर आश्वासनही हवें असतें. चौदाव्या शतकांतील झू झेनहेंग (१२८१–१३५८) या वैद्यानें ह्वांगछिन आणि बाइझू या दोन मुळांना गर्भ स्थिर करणारीं दिव्य औषधें म्हणून गौरविलें, आणि तेव्हांपासून गर्भशामक काढ्यांचा प्रघात वाढत गेला. इतका कीं, १७१५ सालीं एका गृहस्थानें टोपणनांवानें लिहिलेली प्रसूतीवरची एक छोटी पुस्तिका त्याविरुद्ध उभी राहिली. बाळंतपण ही निसर्गाची क्रिया आहे. वेळ येईपर्यंत निजावें, कळा सोसाव्या, घाईनें बसूं नये आणि औषधांचा भडिमार करूं नये, असा तिचा उपदेश. लोकांनीं ती पुण्यकर्म म्हणून पुनःपुन्हां छापून फुकट वांटली. साठसत्तर निषिद्ध नांवें पाठ करण्यापेक्षां, औषधच शक्यतों कमी घ्यावें ही तिची शिकवण अधिक शहाणपणाची होती असें म्हणावेंसें वाटतें.

आतां या यादीला जें दिसलें नाहीं त्याकडे वळूं. जुन्या वैद्याची कसोटी रक्त ही होती. औषध घेतल्यावर रक्त गेलें, गर्भ पडला, तर तें औषध वाईट. हा परिणाम तासांत किंवा दिवसांत दिसतो, म्हणून अनुभवानें कळतो. पण जें औषध गर्भ पाडीत नाहीं, मातेलाही त्रास देत नाहीं, आणि सात महिन्यांनीं जन्मणाऱ्या मुलाच्या अवयवांत व्यंग ठेवून जातें, तें या कसोटीला कसें सांपडावें? आधुनिक वैद्यकालाही तें सांपडलें नव्हतें. थॅलिडोमाइड नांवाचें झोंपेचें औषध १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत विकावयास आलें, गर्भवतींच्या मळमळीवर सर्रास दिलें गेलें, आणि १९६१ च्या अखेरीस मागें घेण्यांत येईपर्यंत सुमारें दहा हजार मुलांना त्याची बाधा झाल्याचा अंदाज आहे. प्रयोगशाळा असलेल्यांची ही कथा, तर पद्यकारांना दोष काय द्यावा?

चिनी औषधांपैकीं ह्वांगल्येन या अतिशय कडू मुळाचा दाखला घेण्यासारखा आहे. उष्णता काढून टाकतें म्हणून दक्षिणेकडील चिनी कुटुंबांत तें गर्भिणींना आणि नवजात बालकांना देण्याची चाल होती. पद्याच्या प्रचलित पाठांत त्याचें नांव नाहीं. परंतु त्यांतील बर्बेरीन हें द्रव्य कावीळ झालेल्या नवजाताच्या रक्तांतील पित्तरंजक मोकळें करून मेंदूला धोका वाढवील, अशी शंका आली. रक्तपेशींतील एका विशिष्ट पाचकद्रव्याची उणीव जन्मतः असलेल्या बालकांविषयीं तर भय अधिकच. सिंगापूर सरकारनें १९७८ सालीं ह्वांगल्येन व बर्बेरीन यांवर बंदी घातली. पुढें अधिक पुरावा तपासून २०१३ पासून ती टप्प्याटप्प्यानें उठविण्यांत आली. नवजातांविषयींची सावधगिरी मात्र कायम राहिली. गर्भशामक काढाही संशयातीत राहिला नाहीं. तैवानमध्यें १९८० नंतरच्या दशकांत जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, पहिल्या तीन महिन्यांत 'आन-ताइ-यिन' हा काढा घेणें आणि मुलांतील कांहीं जन्मजात व्यंगें यांचा संबंध दिसून आला. एका अभ्यासानें काढा दोषी ठरत नाहीं. पण ज्याच्या नांवांतच 'गर्भाला स्वस्थता' आहे तो तपासावयासच नको, ही समजूत तेथें संपली.

याहून विलक्षण कथा थ्येनह्वाफनची. पडवळाच्या वंशांतील एका वेलीचें हें पिठूळ मूळ तहान व ताप यांवर देतात. पद्याच्या प्रचलित पाठांत तेंही नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिनी शास्त्रज्ञांनीं त्यांतून ट्रायकोसँथिन नांवाचें प्रथिन शुद्ध स्वरूपांत काढलें, आणि तें टोंचून मधल्या महिन्यांतील गर्भपात घडविण्यासाठीं रुग्णालयांत वापरलें. ज्या नांगीची आणि कातीची शतकानुशतकें भीति बाळगली, त्यांच्याविषयीं असें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. आणि बिनबोभाट राहिलेल्या मुळांत हें प्रथिन निघालें. अर्थात् टोंचलेलें प्रथिन आणि उकळलेला काढा या एकच गोष्टी नव्हेत. उकळल्यानें प्रथिनाचें बळ नाहींसें होतें. कोणत्या वाटेनें औषध शरीरांत जातें, हाही पद्यांत न मावलेलाच एक मुद्दा.

नांवांचा घोटाळा तर कोणत्याही यादीला पुरून उरणारा. पद्यांत 'तोंगत्साओ' वर्ज्य म्हटलें आहे. प्राचीन ग्रंथांत हें नांव ज्या वेलीला होतें तिलाच पुढें 'मूतोंग' म्हणूं लागले, आणि तोंगत्साओ हें नांव कागदासारख्या पांढऱ्या गाभ्याच्या भलत्याच झाडाकडे गेलें. इतकेंच नव्हे, तर विसाव्या शतकांत मूतोंग म्हणून बाजारांत बहुधा ईशान्य चीनमधील तिसरीच वेल विकली जात होती. तिच्यांत मूत्रपिंड निकामीं करणारें अॅरिस्टोलोकिक आम्ल असतें. चीन सरकारनें २००३ सालीं तिची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्यानें पद्य अक्षरशः पाळलें त्यानेंही नेमकें काय टाळलें, हें त्याच्या दुकानदारालाच ठाऊक. कित्येकदां त्यालाही नाहीं.

चीनच्या आजच्या राजमान्य औषधकोशानें जुनी यादी जशीच्या तशी घेतली नाहीं. त्यांत गर्भिणीविषयीं तीन पायऱ्या आहेत : मुळींच देऊं नये, टाळावें, आणि जपून द्यावें. कस्तुरी, जमालगोटा, जळू, गोम, मनशीळ हीं पहिल्या पायरीवर कायम आहेत. न्यूशी, पीचचा गर, मूतानची साल, पेजेचे ते दाणे आणि पद्यांतून निसटलेलें थ्येनह्वाफन हीं 'जपून द्यावें' या पायरीवर आहेत. सुंठीवर गर्भिणीसाठीं कसलाही शिक्का उरलेला नाहीं. आणि रुग्णालयांतील औषधांविषयीं २००७ सालीं तेथें जे नियम झाले, त्यांप्रमाणें चिठ्ठींत गर्भिणीस वर्ज्य द्रव्य आढळल्यास औषध देणाऱ्यानें पुडी न बांधतां चिठ्ठी परत पाठवावयाची. वैद्यानें ती नव्यानें लिहावी, नाहीं तर त्या द्रव्याबद्दल दुसऱ्यांदा सही करावी, आणि मगच तराजू उचलावयाचा.